मोबाईल कशासाठी उघडला : वाचनालयाच्या प्रकल्पाच्या नोंदी

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

आज वह्या वाटून झाल्या. चौदा घरं, चौदा वह्या, शंभर पानी, आणि प्रत्येक वहीला सुतळीने पेन्सिल बांधून दिली कारण ऐन वेळी घरात पेन सापडत नाही आणि मग लिहायचं राहूनच जातं. प्रत्येक पानावर पट्टीने तीन रकाने आखलेत, किती वाजता, कशासाठी उघडला, काय बघून ठेवला. एवढंच. नाव लिहायचं नाही, घरातल्या कोणीही लिहिलं तरी चालेल, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं नातवंडांनी लिहायचं. फोन जिथे चार्जिंगला लावतात तिथेच खिळ्याला वही अडकवायची, हे प्रत्येक घरात स्वतः उभी राहून करून घेतलं.

डोक्यात कधीचं होतं पण जानेवारीच्या शेवटी असरचा, म्हणजे खेड्यातल्या मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीचा, २०२४ चा अहवाल आला आणि मग राहवेना. ग्रामीण भागातली १४ ते १६ वयाची पोरं, त्यातल्या ८२ टक्क्यांहून जास्त जणांना स्मार्टफोन वापरता येतो, आणि ज्यांना येतो त्यातल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काहीतरी केलेलं, सोशल मीडिया बघितलेले ७६ टक्के. आमच्या वाचनालयाच्या कमिटीच्या मीटिंगला हे वाचून दाखवलं तर लगेच "बघा, पोरं वाया चालली" सुरू झालं. मला ते पटत नाही. ५७ आणि ७६ ची बेरीज शंभराच्या वर जाते, म्हणजे बरीचशी तीच पोरं दोन्ही करतायत, त्याच फोनवर, एखाद वेळेस त्याच तासात. मग गणिताचा व्हिडिओ बघता बघता पोरगं दुसरीकडे जातं कुठल्या मिनिटाला, आणि परत येतं का, हे बघायला पाहिजे ना. आणि मोठ्यांचं काय? "पोरं वाया" म्हणणाऱ्यांचे फोन पण मीटिंगमध्ये टेबलावर उजेड मारतच होते.

म्हणून घरं निवडताना सगळ्या वयाची घेतलीत. आमचं गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या बाजूला, टोमॅटो, कांदा, थोडी द्राक्षं. बारावीची परीक्षा उद्यापासून, दहावीची २१ ला, त्यामुळे परीक्षेची पोरं असलेली तीन घरं मुद्दाम घेतली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पहिली तपासणी. वेळेचा रकाना सगळ्यांनी छान भरलाय, ६.१०, ६.४०, ७.०५. शेवटचाही बऱ्यापैकी. मधला मात्र रिकामा, नाहीतर "असंच". एका वहीत एकाच पानावर नऊ वेळा असंच, असंच, असंच. ती वही लिहिणारी सून म्हणाली, ताई खोटं कसं लिहू, खरंच असंच उघडला, गवार मोडता मोडता हात पदराला पुसला आणि उघडला, कोणाचा फोन नव्हता की मेसेज नव्हता. तिच्या त्या खरेपणाबद्दल मला फार बरं वाटलं. "असंच" हाच शब्द या प्रकल्पात सगळ्यात मोलाचा निघणार असं वाटायला लागलंय.

रात्री अकराच्या पुढच्या नोंदी वेगळ्या काढल्या. तिथे चार घरांत मधल्या रकान्यात लिहिलंय "नेट संपवायला". हे मी धरलंच नव्हतं. जिओ आलं सप्टेंबर २०१६ मध्ये, त्याच्या आधी एक जीबीचा पॅक आपण महिनाभर पुरवून पुरवून वापरायचो, गाणं डाऊनलोड करायचं तर दहादा विचार. आता रोजचे दीड नाहीतर दोन जीबी मिळतात आणि रात्री बाराला उरलेले जातात. मग आपल्या माणसाला वाया गेलेलं सहन होत नाही, ताटात टाकू नये, नळ चालू ठेवू नये, तसंच हे. एक काका म्हणाले पैसे भरलेत तर का सोडायचं. म्हणजे झोप आलेली असताना माणूस बसून रील बघतोय, त्यात करमणूक पण फारशी होत नाहीये, नुसतं ताटातलं संपवणं चाललंय.

अजून एक अडचण. मी घरून निघताना मनात दोन ढीग केले होते, एक करमणुकीचा, एक ज्ञानाचा. वरच्या आळीतल्या आजींनी संध्याकाळी हरिपाठ लावला, तो कुठे टाकू? त्यांची सून कुर्डयांचा चीक किती शिजवायचा ते बघत होती, ते शिक्षण की विरंगुळा? तिला विचारलं तर म्हणे दोन्ही, बघायला पण बरं वाटतं आणि यंदा कुर्डया तुटणार नाहीत. दोन ढिगांची कल्पना आजच सोडून दिली. नुसतं लिहिलंय ते वाचायचं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती. पहाटे पोरं शिवनेरीवरून ज्योत घेऊन पळत आली, अनवाणी, घामाने निथळत, आणि दोघातिघांचे फोन हातात उंच धरलेले, लाइव्ह चालू.

सध्या संभाजी महाराजांवरचा सिनेमा लागलाय, गावातली निम्मी पोरं बघून आली. वह्यांत १६ तारखेपासून त्याच्या रीलच रील. पण काल संध्याकाळी अकरावीतला एक जण वाचनालयात आला, आमच्याकडे तो लहानपणी गोष्टीची पुस्तकं न्यायचा, नंतर फिरकला नव्हता. म्हणाला, ताई एक रील म्हणतंय महाराजांना संगमेश्वरला असं पकडलं, दुसरं म्हणतंय तसं, दोन्हीला लाखांनी लाईक आहेत, खरं कुठलं? मी त्याला कपाटातले जाडे खंड काढून दिले, तळटीपा कशा बघायच्या ते दाखवलं, बखर कधी लिहिली गेली आणि त्या काळातलं पत्र कुठलं, यातला फरक सांगितला. तासभर बसला. फेब्रुवारी १६८९ ते ११ मार्च १६८९ एवढ्या दिवसांची यादी त्याने वहीच्या मागच्या पानावर केली, कुठल्या पुस्तकात काय दिलंय त्यासकट.

इथे रीलने काय केलं ते नीट लिहून ठेवते. उत्तर दिलं नाही, पण दोन रील एकमेकांवर आपटले आणि त्याच्या मनात प्रश्न उभा राहिला, आणि प्रश्न घेऊन जायला एक दार उघडं होतं. सात वाजता वाचनालय बंद असतं तर तो तिसरं रील बघून झोपला असता.

२३ फेब्रुवारी, रविवार

भारत-पाकिस्तान. चौदाच्या चौदा वह्यांत दुपारपासून "मॅच". पुढे काही नाही. आज तपासायचं काही नव्हतं, मी पण बघितली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

विज्ञान दिन. खोडदची जीएमआरटी, म्हणजे आपल्या बाजूची मोठी रेडिओ दुर्बीण, आज सगळ्यांना बघायला खुली असते म्हणून वह्यांच्या घरातली अकरा मुलं घेऊन गेले. इतक्या जवळ राहून ह्यातल्या सात जणांनी ती आतून बघितलेली नव्हती, रस्त्यावरून मोठ्या वाट्या दिसतात एवढंच माहीत.

एकेक अँटेना ४५ मीटर रुंद. एकूण तीस, त्यातल्या चौदा मधल्या भागात जवळजवळ आणि बाकी सोळा तीन दिशांना पसरलेल्या, अगदी टोकाच्या दोन अँटेनांमध्ये पंचवीसेक किलोमीटर अंतर, आणि सगळ्या मिळून एकच दुर्बीण म्हणून काम करतात. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही उभी केली. पोरं पहिला अर्धा तास काय करत होती तर रील. अँटेनापुढे हात पसरून, गाणं लावून, एकमेकांचं शूटिंग. मी काही बोलले नाही, बोलायचं नाही असं आधीच ठरवलं होतं.

मग तिथल्या एका कॉलेजच्या मुलीने, ती माहिती सांगायला उभी होती, फोन फ्लाइट मोडवर टाका म्हणून सांगितलं. आमचा एक आठवीतला लगेच, का? तिने त्याला खाली बसवून सांगितलं की ही दुर्बीण उजेड बघत नाही, रेडिओ लहरी पकडते, साधारण ५० ते १४५० मेगाहर्ट्झच्या, आणि तुझा मोबाईल ज्या ९०० च्या आसपासच्या लहरींवर बोलतो त्या यातच येतात. आकाशातून येणारा आवाज इतका बारीक असतो की तुझा फोन म्हणजे त्याच्या कानाशी वाजवलेला ढोल. त्या पोराने फोन बघितला, अँटेना बघितली, परत फोन बघितला. मला ते तोंड विसरायचं नाही. त्याच्या हातातली वस्तू आणि ती पंचेचाळीस मीटरची वाटी एकाच जातीच्या आहेत हे त्याला त्या क्षणी कळलं. सगळ्यांनी फोन फ्लाइट मोडवर टाकले, आणि पुढचे दोन तास कोणी हट्ट केला नाही.

परत येताना जीपमध्ये प्रश्नांचा पाऊस. त्यातला एक राहिलाच, अँटेनाला पत्रा का नाही, नुसती तारेची जाळी का, लहरी जाळीतून गळून नाही जात? मला नीट सांगता आलं नाही, म्हणून फळ्यावर लिहून ठेवलाय.

रात्रीच्या वह्या बघायची घाई झालीये.

१ मार्च, शनिवार

काल रात्रीच्या वह्या. अकरा मुलांपैकी सहा जणांच्या घरी मधल्या रकान्यात पहिल्यांदाच पूर्ण वाक्य आलंय. "रेडिओ लहरी दिसतात का". "मोबाईल टॉवर आणि अँटेना फरक". "ताऱ्यांचा आवाज". शेवटच्या रकान्यात मात्र पुढे काय झालं ते दिसतं. तीन जणांना इंग्रजी व्हिडिओ लागला आणि सोडून दिला, एकाला मराठीत एक व्हिडिओ मिळाला पण त्यात पहिली पाच मिनिटं लाईक करा सबस्क्राइब करा, एक जण सरळ "कॉमेडी". एकालाच समजेल असं मराठीत वाचायला मिळालं आणि ते सुद्धा मराठी विश्वकोशाच्या साईटवर, वाईला लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्याचं काम उभं केलं तो विश्वकोश. भाषा जड वाटली म्हणाला पण दोनदा वाचलं.

हे मनाला लागलं. पोरगं ज्ञान शोधायला गेलं होतं, खरोखर गेलं होतं, आणि आपल्या भाषेत तिथे पुरेसं काही नव्हतं म्हणून करमणुकीवर आलं. बाहेरून बघणाऱ्याला दिसणार फक्त शेवटचं, कॉमेडी बघत बसलंय.

६ मार्च, गुरुवार

वरच्या आळीतल्या आजी, हरिपाठवाल्या. पंच्याहत्तरीच्या पुढे, सहीपुरतं लिहिता येतं. नातीने त्यांना फोनवरचा माइक दाखवून दिला. गुगलने मराठीत बोलून टाइप करायची सोय २०१७ च्या ऑगस्टमध्ये आणली, तोवर आजींसारख्या बायकांना फोन म्हणजे हिरवं बटण आणि लाल बटण.

आज मी शेजारी बसून बघितलं. फोन तोंडापुढे आडवा धरतात, भाकरी फुंकायला धरावी तसा, आणि आधी म्हणतात "ऐक गं बाई". ते पण टाइप होतं. मग "माझा गुडघा रात्रीचा लई ठणकतो त्याला काय लावू". आले ते सगळे तेलाचे व्हिडिओ, सात दिवसात गुडघा मोकळा. आजी एकेक बघतात आणि म्हणतात हा विकतोय. दुसरा लावतात, हा पण विकतोय. चार बघून फोन ठेवला आणि वहीत नातीने लिहिलं "गुडघा, सगळे विकणारे". जन्मभर आठवडे बाजार केलेली बाई आहे, विकणारा माणूस तिला आवाजावरून कळतो. ही ओळख पोरांना कुठल्या वर्गात शिकवतात?

मग मी सहज विचारलं, आजी तुम्हाला ज्यात काही दुखणं नाही असं काही विचारायचंय का. बराच वेळ गप्प. म्हणाल्या, जात्यावर बसल्यावर आई भावाची ओवी म्हणायची, पहिली ओळ येते, पुढची गेली. ती ओळ त्यांनी फोनला सांगितली. काही नाही आलं, कुठली तरी गाणी. मला आठवलं की पारी म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया यांच्या साईटवर जात्यावरच्या ओव्यांचा मोठा साठा आहे, गावोगाव फिरून गोळा केलेल्या लाखाच्या वर ओव्या, कितीतरी आपल्या पुणे जिल्ह्यातल्याच बायकांनी गायलेल्या. तिथून भावाबहिणीच्या ओव्या लावल्या.

आजींनी डोळे मिटले. उजवा हात आपोआप गोल फिरायला लागला, जात्याचा खुंटा धरल्यासारखा. तिसऱ्या ओवीला डोळे उघडून म्हणाल्या "आमच्याकडं अशी नाही म्हणत", आणि आमच्याकडं कशी म्हणतात ती स्वतः म्हणून दाखवली. आणि तिच्यामागून ती विसरलेली. नात भराभरा लिहीत होती, पेन्सिलीचं टोक मोडलं तर दाताने सोलून परत लिहायला लागली. सतरा ओव्या झाल्या. शेवटी आजी म्हणाल्या आता बास, घसा सुकला.

वहीत मधल्या रकान्यात नातीने लिहिलंय "आजीच्या आईची ओवी". शेवटच्या रकान्यात, "आजीला येत होती".

१२ मार्च, बुधवार

बिबट्याचा व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर, "आपल्या गावाच्या ओढ्याजवळ, आत्ताच". बिबट्या आपल्याकडे आहेच, उसात आहे, माणिकडोहचं निवारा केंद्र तालुक्यातच आहे, त्यामुळे कोणी खोटं म्हणायची हिंमत करत नाही आणि करू पण नये. पण व्हिडिओत मागे जी झाडं आहेत ती इथली नाहीत. एका पोराने त्यातलं चित्र थांबवून गुगल लेन्सला दिलं तर दोन वर्षांपूर्वीचा, दुसऱ्याच राज्यातला निघाला. त्याने तसं ग्रुपवर टाकलं, खाली ज्या लिंकवर सापडला ती पण टाकली. चांगलं काम. अकरा वर्षांचा आहे.

२० मार्च, गुरुवार

आजची नोंद लिहायला जड जातंय. पाच नंबरच्या वहीतले काका, अर्धा एकर उन्हाळी टोमॅटो, फुलावर आलेला. पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, दिसली. मधल्या रकान्यात सोमवारी व्यवस्थित लिहिलंय "टोमॅटो भुरी औषध". म्हणजे असंच नाही, टाइमपास नाही, हातात खरा प्रश्न. बघितलं चाळीस सेकंदाचं रील, त्यात सल्फर मारा, दोन दिवसात भुरी साफ. काकांनी पंपात सल्फर घेतलं, घरात निंबोळी तेल उरलेलं होतं ते पण त्यातच टाकलं, आणि दुपारी बाराला मारलं कारण तीनला लाईट येणार होती आणि पाणी भरायचं होतं.

आज रानात गेले होते. पानं कडेने करपून वर वळलीत, हाताने चुरडलं की कागदासारखी वाजतात. फुलगळ झालीये. काका बांधावर बसलेले, काही बोलत नव्हते, काकू पण नव्हत्या बोलत, आणि ते जास्त वाईट.

संध्याकाळी त्यांच्याच फोनवर आम्ही ते रील परत काढलं. ते मूळ अकरा मिनिटांच्या व्हिडिओतून कापलेलं होतं, त्याच माणसाच्या. मूळ व्हिडिओ पूर्ण बघितला. आठव्या मिनिटाला तो स्वच्छ सांगतो, ऊन उतरल्यावर मारा, कडक उन्हात सल्फरने पानं करपतात, आणि तेलकट औषधासोबत अजिबात नको. माणसाने बरोबर सांगितलं होतं. कापताना नेमकं तेवढंच गेलं.

आणि पुडीतल्या कागदावर पण हे होतं. पुडी काकांनी टाकली नव्हती, गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवलेली. आतला कागद इतक्या बारीक टायपात, सात-आठ भाषा, की मला चष्म्याने पण वाचता येईना. काकांच्या पोरीने काय केलं, कागद जमिनीवर सरळ केला, फोनने फोटो काढला आणि दोन बोटांनी मोठा केला. मराठीचा भाग शोधायलाच वेळ लागला. काकांनी स्वतः एकेक ओळ बोट ठेवून मोठ्याने वाचली. त्याच फोनवर, ज्याने तीन दिवसांपूर्वी नुकसान केलं.

काका ज्ञान शोधायलाच गेले होते. ह्याच्यावर मी रात्री खूप विचार केला. आम्ही कमिटीत सारखं म्हणतो लोकांनी मोबाईल करमणुकीला कमी आणि माहितीला जास्त वापरावा. काकांनी तसाच वापरला. कमी पडला तो एक माणूस, पंप भरायच्या आधी "काय रे, तेल कशाला टाकतोस" एवढं विचारणारा. पूर्वी पारावर तो आपोआप भेटायचा.

२४ मार्च, सोमवार

कमिटीची मीटिंग. वह्या ठेवल्या, काकांची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगितली. एका सभासदांनी सुचवलं आपण पण भोंगा लावू. सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव, तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घराघरात टीव्ही, मोबाईल बंद, मुलं अभ्यासाला, मोठी माणसं वाचायला नाहीतर गप्पा मारायला. मला त्या गावाचं मनापासून कौतुक आहे, सगळ्या गावाने मिळून एक ठरवणं आणि ते पाळणं ही लहान गोष्ट नाही.

पण आमच्या वह्या बघता मला वाटतं आपल्याला थोडं वेगळं लागेल. आजींच्या ओव्या फोनवरच आल्या, बिबट्याचं खोटं फोननेच उघडं पडलं, कागद फोननेच वाचला. आपल्याला एक तास हवाय तो फोन घेऊन एकत्र बसायचा. यावर बरीच वादावादी झाली. ठरलं काही नाही.

२७ मार्च, गुरुवार

मीटिंगमध्ये गप्प बसलेले सगळ्यात जुने सभासद, आबा, आज सकाळी मुद्दाम आले. म्हणाले तू म्हणतेस ते आम्ही लहानपणी बघितलंय, ग्रामपंचायतीचा रेडिओ, संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम, मोठी माणसं ऐकायची आणि कार्यक्रम संपला की खरी मजा सुरू व्हायची, अर्धे म्हणायचे बरोबर, अर्धे म्हणायचे याला आपल्या रानातलं काय कळतं.

त्यावरून मी पुन्हा ते वाचून काढलं. १९५६ मध्ये फेब्रुवारी ते एप्रिल, युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने आपल्याच भागात एक प्रयोग केला होता. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा, कोल्हापूर असे पाच जिल्हे, दीडशेच्या आसपास गावं. प्रत्येक गावात एक श्रोते मंडळ. आठवड्याला दोन कार्यक्रम, अर्ध्या अर्ध्या तासाचे, असे वीस. ऐकून झालं की तिथेच बसून चर्चा, चर्चेतून निघालेले प्रश्न आकाशवाणीला पाठवायचे आणि त्यांची उत्तरं पुढे कार्यक्रमात यायची. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ यांनी त्याचं मोजमाप केलं. त्यांनी जिथे मंडळ होतं ती गावं, जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हतं ती गावं आणि जिथे रेडिओच नव्हता ती गावं, अशी तिन्ही तपासली. मंडळ असलेल्या गावांत लोकांची माहिती भरपूर वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत त्या मानाने फारच थोडी. कार्यक्रम तेच, आवाज तोच. १९५९ पासून ही मंडळं देशभर सुरू केली गेली.

सत्तर वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात हे मोजून झालंय. आमचे काका आज त्या मधल्या गावांसारखे, फोन आहे, मंडळ नाही. आबांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले मग गुरुवारपासून चालू कर, कमिटीचं मी बघतो.

३ एप्रिल, गुरुवार

पाडवा झाला, पहिली बैठक आज. सतरंजी, पाण्याची घागर, फळा. नियम एकच, फोन घेऊन यायचं, पण ह्या आठवड्यात जे काही बघितलं आणि खरं वाटलं त्यातलं एक सगळ्यांना दाखवायचं. सतरा जण आले. मला आठ-दहाची अपेक्षा होती.

पहिले काका उठले. मी त्यांना गळ घातली नव्हती. सल्फरची पुडी आणली होती. रील दाखवलं, मग मूळ व्हिडिओतलं आठवं मिनिट, मग कागद. पुडीवरचा हिरवा त्रिकोण दाखवून हा कशाचा असं पोरांना विचारलं, कोणालाच माहीत नव्हतं, मोठ्यांपैकी दोघांना. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा सगळ्यात कमी. आमच्या घरात लालवाला डबा पोत्यांच्या शेजारी आहे, असं एक मुलगा म्हणाला, आणि त्याची आई तशीच उठून घरी गेली, डबा हलवून दहा मिनिटांनी परत आली. एक जण म्हणाला केव्हीकेवाल्यांना, म्हणजे कृषी विज्ञान केंद्राच्या लोकांना, बोलावूया, नारायणगावात आहेच. पुढच्या महिन्यात बोलवायचं ठरलं.

काकांच्या प्लॉटला नवी फूट आलीये, थोडी. माल निम्म्याच्या खाली येईल म्हणतात.

१० एप्रिल, गुरुवार

दुसरी बैठक, एकवीस जण, आणि आजी पण आल्या, नातीचा हात धरून. सतरा ओव्यांची वही वाचनालयात ठेवायला दिली. त्यावर खाकी कव्हर घालून नंबर टाकला, आता ते आमचं एक पुस्तक आहे.

फळ्यावरचा जाळीचा प्रश्न अजून तसाच होता. आठवीतल्या पोराने सांगितलं मी शोधलंय. पाच रात्री लागल्या, मराठीत सापडेना म्हणून शाळेतल्या सरांना इंग्रजीचा अर्थ विचारला. उजेडाची लहर फार बारीक असते म्हणून आरशाला भोक चालत नाही. रेडिओची लहर लांब, ही अँटेना जी सगळ्यात आखूड लहर पकडते ती सुद्धा वीतभर, आणि जाळीची भोकं तिच्यापुढे बारकी, त्यामुळे लहरीला ती जाळी पत्र्यासारखीच. वारा मात्र आरपार जातो म्हणून इतकी मोठी वाटी वाऱ्यात टिकते, वजन कमी, खर्च कमी.

काही जणांच्या तोंडावर अजून शंका होती. आजी म्हणाल्या चाळण आणा. शेजारच्या घरातून गव्हाची चाळण आली. आजींनी ती तोंडापुढे धरली आणि पलीकडे बसलेल्या नातीच्या तोंडावर फुंकर मारली, तिची बट उडाली. मग पोराला म्हणाल्या, आता तुझी ती वीतभर लांब लहर ह्याच्यातून घालून दाखव. त्याने आपला पंजा चाळणीला टेकवला. सगळे हसले, आणि पाठीमागून काका म्हणाले "कळलं".

पहिल्या आठवड्यात नऊ वेळा असंच लिहिलेल्या वहीत या आठवड्यात पण असंच आहेच, चार-पाच ठिकाणी, असू दे, गवार मोडून हात दुखतात. मंगळवारी रात्री ९.२० ला मात्र "गुरुवारी काय सांगू ते बघायला". आज तिने वाळवणाला मीठ कधी घालायचं यावर दोन व्हिडिओ समोरासमोर लावून दाखवले आणि त्यावर बायकांची पाऊण तास चर्चा चालली, मला फळा पुसायला पण वेळ मिळाला नाही.

पाच घरच्या वह्या भरल्या. उद्या नारायणगावला जाऊन नव्या आणायच्या, आणि सुतळी.